प्रोत्साहन वेळापत्रकात दिसतं

मुलांना विज्ञानाकडे वळवण्याच्या कामात वर्षानुवर्षं राहिलेल्या माणसाकडे एक मागणी नेमाने येते: "आमच्या मुलांपुढे जरा प्रेरणादायी बोला." फेब्रुवारी लागला की या मागणीचा हंगाम सुरू होतो. १९२८ साली २८ फेब्रुवारीला रामन परिणामाचा शोध लागला, म्हणून त्या दिवशी राष्ट्रीय विज्ञान दिन. शाळेत फलकलेखन होतं, रामन यांच्या तसबिरीला हार पडतो, पाहुणे पाऊण तास बोलतात, मुलं टाळ्या वाजवतात आणि आभारप्रदर्शनानंतर शाळा सुटते. प्रयोगशाळेचं कुलूप मात्र त्या दिवशीही निघत नाही. हे इतक्या ठिकाणी, इतक्या सारखेपणाने दिसत आलंय की त्यातून माझं एक मत हळूहळू पक्कं होत गेलं. मुलांनी विज्ञान आणि अभियांत्रिकीत यावं असं खरंच वाटत असेल, तर भाषणातल्या प्रोत्साहनाने फारसं काही हलत नाही. शाळा मुलाला कशासाठी प्रोत्साहन देते ते तिच्या वेळापत्रकात दिसतं. आठवड्यातले किती तास मुलाच्या हातात एखादी वस्तू असते आणि ती हाताळताना चुकायची त्याला कितपत मुभा असते, एवढं पाहावं.

प्रेरणेचा तुटवडा आपल्याकडे नाहीच. २३ ऑगस्ट २०२३ च्या संध्याकाळी चांद्रयान-३ चंद्राच्या दक्षिण ध्रुवाजवळ उतरलं तेव्हा घराघरांतले टीव्ही त्यावरच होते, आणि त्या आठवड्यात इस्रोत जायचं नाही असं म्हणणारं मूल शोधून सापडलं नसतं. आवड आणि निवड यांत केवढं अंतर असतं, ते इंग्लंडमधल्या एका अभ्यासाने नीट दाखवलंय. लुईस आर्चर यांच्या गटाने २००९ पासून दहा ते चौदा वयाच्या हजारो मुलांच्या आकांक्षांचा मागोवा घेतला. बहुतेक मुलांना विज्ञान आवडत होतं. वैज्ञानिक व्हायचंय असं म्हणणारी मात्र जेमतेम १५ टक्के निघाली. म्हणजे गाडी आवडीपाशी अडत नाही, ती पुढे कुठेतरी अडते. आपण मात्र आवड निर्माण करण्याचेच कार्यक्रम घेत बसतो, कारण ते एका दिवसात उरकतात आणि त्यांचे फोटोही चांगले येतात.

तालुका पातळीवरचं विज्ञान प्रदर्शन ज्यांनी चार-दोन वेळा तपासलंय त्यांना पुढची गोष्ट सांगायला नको. टेबलांवर थर्माकोलचं आदर्श गाव असतं, खायच्या सोड्याचा ज्वालामुखी असतो आणि इंजेक्शनच्या सिरिंजवर चालणारा जेसीबी तर हमखास असतो. मूल हात मागे बांधून "नमस्कार सर, माझ्या प्रतिकृतीचे नाव आहे" इथून सुरू करतं आणि मध्येच अडवलं तर पुन्हा पहिल्या वाक्यापासून म्हणायला लागतं. त्याला विचारावं, या सिरिंजमध्ये पाण्याऐवजी नुसती हवा ठेवली तर काय होईल? मूल मार्गदर्शक शिक्षकांकडे बघतं, शिक्षक दुसरीकडे बघतात. पण कधीतरी एखादी मुलगी उत्तर न देता नळी उपसते, पाणी बाटलीत ओतते आणि हवा भरून दट्ट्या दाबते. जेसीबीचा हात आधी हलतच नाही, मग एकदम झटका देऊन वर जातो. ती पुन्हा दाबते, आणखी एकदा दाबते. हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही, हे तिने सातवीत पाठ केलेलं असतं; आता ते तिच्या अंगठ्याला कळलेलं असतं. परीक्षक समोर उभा आहे हेही तोवर ती विसरलेली असते. प्रदर्शनाच्या गुणपत्रिकेत या प्रकाराला रकाना नाही. सादरीकरणाला आहे, तक्त्याला आहे, प्रतिकृतीच्या टापटिपीला आहे.

हीच गोष्ट कॉलेजच्या प्रयोगशाळेत जास्त उघडी पडते. साध्या दोलकाचा प्रयोग घ्या. दोरीची लांबी १०० सेंटिमीटर ठेवली तर वीस आंदोलनांना साधारण ४० सेकंद लागतात, आणि गणित केलं की गुरुत्वीय त्वरण ९.८ च्या आसपास येतं. नवखं मूल गोळा सोडतानाच "एक" म्हणतं. तिथे खरं तर "शून्य" म्हणायचं असतं. त्यामुळे त्याची वीस आंदोलनं प्रत्यक्षात एकोणीसच भरतात, वेळ ३८ सेकंदांच्या जवळ येतो आणि उत्तर १०.८ च्या वर जातं. आता इथे दोन रस्ते फुटतात. एका रस्त्याने मूल दोरी पुन्हा मोजतं, गोळ्याची त्रिज्या धरली की नाही ते बघतं, घड्याळावर संशय घेतं, शेजारच्या गटाचं घड्याळ मागून आणतं आणि शेवटी कधीतरी आपल्या मोजण्यावर येतं. यात दीड तास जातो. दुसऱ्या रस्त्याने ते मागच्या वर्षीच्या जर्नलमधून निरीक्षणं उतरवतं आणि दहा मिनिटांत मोकळं होतं. आपल्या वर्गावर्गांत दुसरा रस्ताच राजमार्ग झालाय, आणि त्याला कारण मुलांचा आळस नव्हे. तास पस्तीस-चाळीस मिनिटांचा, दोलक चार, मुलं साठ, आणि ९.८ पेक्षा वेगळं उत्तर लिहिलेल्या पानावर लाल रेघ. अशा वेळी उतरवून काढणं हाच शहाणपणा ठरतो. विज्ञानात उत्तर आधीच ठरलेलं असतं आणि आपण त्याच्यापर्यंत मागे मागे जायचं असतं, हा धडा सोळाव्या वर्षी इतका पक्का बसतो की पुढे संशोधनात गेलेल्या मुलालाही तो विसरायला बरीच वर्षं लागतात.

साहित्य नसतं, हे कारण नेहमी पुढे केलं जातं. पुष्कळ शाळांत ते असतं, पण कपाटात. ते कपाटात का राहतं याचं उत्तर शिक्षणशास्त्रात शोधू नये, ते डेड स्टॉक रजिस्टरमध्ये आहे. सूक्ष्मदर्शक, भिंगं, तराजू, गॅल्व्हानोमीटर यांची त्या रजिस्टरात नोंद असते आणि ज्याच्या ताब्यात साहित्य आहे तो शिक्षक त्याला जबाबदार असतो. चंचुपात्र फुटलं, भिंगाला चरा गेला, तर खुलासा त्याने द्यायचा. निर्लेखन करून घ्यायचं म्हणजे प्रस्ताव, समिती, सह्या. बदली झाली की चार्ज देताना एकेक नग मोजून द्यायचा. या व्यवस्थेत जो शिक्षक मुलांना वस्तू हाताळू देतो तो अडचणीत येतो आणि जो कपाट बंद ठेवतो त्याचं रजिस्टर वर्षानुवर्षं निर्मळ राहतं. त्यात प्रयोगशाळा सहायकाची जागा रिकामी असली की साहित्य मांडायचं कुणी, धुवायचं कुणी, हाही प्रश्न शिक्षकाच्याच गळ्यात येतो. अशा माणसाला "मुलांमध्ये वैज्ञानिक दृष्टिकोन रुजवा" असं परिपत्रक पाठवणं मला थोडं क्रूरच वाटतं.

यावर पालकांचा आक्षेप ठरलेला असतो आणि तो खोटा नाही. जेईई असो वा एमएचटी-सीईटी, प्रवेश ज्या परीक्षेवर मिळतो तिथे प्रयोगाला एक गुणही नाही. बारावी बोर्डात ७० गुण लेखी आणि ३० प्रात्यक्षिकाला असतात, पण ते ३० बहुतेकांना मिळूनच जातात, त्यामुळे त्यांच्यासाठी घाम गाळायचं कारण उरत नाही. क्लास आणि कॉलेज यांची युती झाली, मुलं कॉलेजात नुसती नावापुरती राहिली, तेव्हा २०१८ मध्ये सरकारने विज्ञान शाखेसाठी बायोमेट्रिक हजेरीचा आदेश काढला. अंगठा उमटवायला मूल आलं तरी प्रयोगशाळेत त्याच्यासाठी काही मांडलेलं नसेल तर हजेरीने काय साधणार? पालकांना माझं उत्तर एवढंच की प्रवेश हा दोन वर्षांचा प्रश्न आहे आणि त्यात टिकणं हा पुढच्या चाळीस वर्षांचा. जिथे जगभरातली निवडक मुलं एकमेकांसमोर बसतात त्या आंतरराष्ट्रीय भौतिकशास्त्र ऑलिम्पियाडमध्ये ५० पैकी २० गुण प्रयोगाला आहेत. भारताच्या चमूसाठी मानखुर्दच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रात शिबिर भरतं आणि तिथे गणितं झरझर सोडवणाऱ्या मुलांकडूनही प्रयोगांची वेगळी तयारी करून घेतली जाते. अर्थात परीक्षेत प्रयोग घातला की काम भागलं, असंही म्हणता येत नाही. मुंबईच्या विज्ञान शिक्षकांच्या संघटनेने १९८१ मध्ये सुरू केलेल्या बालवैज्ञानिक स्पर्धेत लेखी परीक्षेनंतर प्रयोगाची आणि प्रकल्पाची फेरी असते, आणि कल्पना उत्तमच आहे. पण आता त्या फेऱ्यांचेही क्लास निघालेत, अपेक्षित प्रयोगांच्या पुस्तिका निघाल्यात. गुण लावले की घोकंपट्टी प्रयोगातही शिरते. म्हणून माझा भर गुणांपेक्षा तासांवर आहे.

पैशांचा आक्षेप त्यामानाने लवकर निकालात निघतो. १९७२ मध्ये मध्य प्रदेशातल्या होशंगाबाद जिल्ह्यात सोळा साध्या सरकारी शाळांत प्रयोगातून विज्ञान शिकवायला सुरुवात झाली. हा कार्यक्रम पुढे वाढत जवळपास हजार शाळांपर्यंत गेला. मुलं चौघा-चौघांच्या गटात प्रयोग करायची आणि परीक्षेला पुस्तक उघडं ठेवायची. अरविंद गुप्ता हे आयआयटी कानपूरचे अभियंते पुण्याच्या टेल्कोतून रजा घेऊन १९७८ मध्ये तिथेच गेले होते. सायकलच्या व्हॉल्व्हट्यूबचे तुकडे आणि आगकाड्या यांतून त्रिकोण, चौकोन, घनाकृती बांधायचा त्यांचा खेळ तिथेच जन्मला. पुढे पुण्यात आयुकाच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत त्यांनी अशी शेकडो खेळणी मुलांच्या हाती दिली. होशंगाबादचा कार्यक्रम २००२ मध्ये सरकारने बंद केला, पण तीस वर्षं तो सरकारी शाळांतच चालला होता एवढं पुरे. उलट २०१६ पासून अटल टिंकरिंग लॅबच्या नावाने एकेका शाळेला वीस लाखांपर्यंत अनुदान मिळायला लागलं, आणि तिथे थ्रीडी प्रिंटर प्लॅस्टिकच्या कव्हराखाली झाकून ठेवलेला बघायला मिळतो, पाहुणे आले की कव्हर निघतं. काही शाळांनी या लॅबचं सोनं केलंय, ते नाकारायचं कारण नाही. त्या शाळांत फरक एकच दिसतो, लॅब उघडायची वेळ वेळापत्रकात लिहिलेली असते.

खेड्यातल्या मुलांबद्दल बोलताना तर आपण उलटंच धरून चालतो. त्यांच्या घरी विज्ञानाचं वातावरण नाही, असं म्हणायची पद्धत आहे. विहिरीवरच्या मोटारीचा एक फेज गेला की स्टार्टर का घरघरतो, ठिबकच्या शेवटच्या लॅटरलला पाणी का पोचत नाही, रिवाइंडिंगला किती वेढे द्यायचे, हे दहावीतल्या कितीतरी मुलांना ठाऊक असतं. शाळेत मात्र याच मुलाला विद्युत परिपथाची आकृती काढता आली नाही म्हणून तो कच्चा ठरतो. ही गफलत डॉ. श्रीनाथ कलबागांनी ओळखली होती. अमेरिकेत डॉक्टरेट, मग मोठ्या कंपनीत अन्नतंत्रज्ञानाचं संशोधन, आणि ते सोडून १९८३ मध्ये शिरूर तालुक्यातल्या पाबळसारख्या दुष्काळी गावात विज्ञान आश्रम. त्यांच्या पद्धतीत शाळेतली मुलं आठवड्यातला एक दिवस वेल्डिंग, वायरिंग, शेती, अन्नप्रक्रिया यांत घालवतात आणि गावाला उपयोगी पडेल असं काहीतरी खरंच बनवून देतात. मराठी माध्यमातून अकरावीत आलेल्या मुलाचा निम्मा जीव इंग्रजी व्याख्येत जातो. प्रयोगाच्या टेबलावर तो इतरांच्या बरोबरीने उभा राहू शकतो, कारण तिथे आधी हात चालतात आणि व्याख्या मागून येते. हे टेबलच काढून घेतलं तर त्याच्याकडे राहतं काय?

मुलींच्या बाबतीत नेमक्या याच टेबलापाशी काहीतरी बिघडतं, आणि ते इतकं सवयीचं आहे की दिसत नाही. चौघांचा गट असला की मुलगा उपकरण हातात घेतो आणि मुलगी निरीक्षणं लिहिते, कारण तिचं अक्षर चांगलं. प्रकल्पात तक्ता तिने रंगवायचा, सोल्डरिंग त्याने करायचं. कुणी जबरदस्ती करत नाही, कुणाला त्यात वावगंही वाटत नाही. डेव्हिड चेंबर्स यांनी १९८३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ४,८०७ मुलांकडून वैज्ञानिकाचं चित्र काढून घेतलं होतं. त्यात स्त्री वैज्ञानिकाची चित्रं अवघी २८ निघाली आणि ती सगळी मुलींनी काढलेली होती. आज बीएस्सीच्या वर्गात मुली बरोबरीने, कित्येक ठिकाणी जास्तच दिसतात. पण कार्यशाळेत, साइटवर, मशिनच्या दुरुस्तीला त्या विरळ होत जातात, आणि "त्यांना आवडत नाही" असा निष्कर्ष काढून आपण मोकळे होतो. ज्या वस्तूला आठवीपासून हात लागला नाही ती विसाव्या वर्षी आवडावी कशी? दर तासाला लिहिणारा आणि हाताळणारा यांची अदलाबदल करायची, एवढा साधा नियम ज्या शिक्षकांनी लावून पाहिलाय ते सांगतात की दोन-तीन आठवड्यांनंतर मुलींकडून पाना-पक्कड परत घ्यावी लागते, इतक्या त्या सोडत नाहीत.

मग येतो सगळ्यात जड आक्षेप. मुलांना या क्षेत्रात आणायचंच कशाला? १९८३ मध्ये वसंतदादा पाटलांच्या सरकारने विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना वाट मोकळी केली आणि घराघरात इंजिनिअर झाला. गेल्या दशकात त्याच महाविद्यालयांत हजारो जागा रिकाम्या राहिल्या, पदवीधर मुलं मिळेल त्या पगारावर मिळेल ते काम करताना दिसली, आणि आता सगळा लोंढा कॉम्प्युटरच्या शाखांकडे वळलाय. संशोधनात जायचं तर फेलोशिपसाठी महिनोन्महिने थांबायची तयारी हवी. हे सगळं खरं आहे आणि मुलांपासून लपवू नये. "सायन्स घे, लाइफ सेट होईल" हे आश्वासन देणारा माणूस मुलाला फसवतो, मग त्याचा हेतू कितीही चांगला असो. पण या बेकारीचं मूळ खणलं तर पुन्हा तिथेच येतो आपण. पहिल्या वर्षाच्या वर्कशॉपमध्ये फिटिंगचा जॉब बाहेरून तयार आणायचा, शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट अहवालासकट विकत घ्यायचा, आणि मधली वर्षं 'इम्पॉर्टंट' प्रश्नांवर काढायची, अशा चार वर्षांनंतर हातात कानस धरता येत नसेल तर कारखानदाराला दोष देऊन उपयोग नाही. पदव्या भरमसाट वाटल्या, हाताळायची संधी तेवढी वाटली नाही. आणि ज्याला ही संधी लवकर मिळते त्याला हे आपलं काम नव्हे असंही लवकर कळतं. दहावीतच प्रयोगाचा कंटाळा येऊन जो मुलगा वाणिज्य किंवा नाटकाकडे वळला, त्याची आणि त्याच्या बापाची लाखभर रुपयांची फी वाचली. तोही या कामाच्या यशातच धरावा असं मी म्हणतो. शाळांच्या वार्षिक अहवालात तो धरला जात नाही.

थोरामोठ्यांचं दर्शन व्यर्थ असतं असं मला सुचवायचं नाही. पण ज्यांचा खरोखर परिणाम झाला ती माणसं काय करत होती ते बघावं. जयंत नारळीकर सही मागायला आलेल्या मुलांना सांगायचे, पोस्टकार्डावर एक प्रश्न लिहून पाठव, उत्तराखाली सही मिळेल. होशंगाबादच्या मुलांसाठी सवालीराम नावाचा एक काल्पनिक माणूसच उभा केला होता; मुलं त्याला काहीही विचारायची आणि उत्तर यायचं. दोन्हीकडे मुलाला आधी स्वतःचं काहीतरी द्यावं लागत होतं. नारायणगावजवळ खोडदला विज्ञान दिनाच्या सुमारास ४५ मीटर व्यासाच्या रेडिओ दुर्बिणी बघायला गर्दी लोटते तेव्हाही शाळांचे प्रकल्प तिथे मांडलेले असतात. गोविंद स्वरूप यांच्या चमूने त्या प्रचंड ताटल्या जाळी आणि ताणलेल्या तारा वापरून हलक्या आणि स्वस्त केल्या. ही युक्ती मुलाला मान वर करून बघताना कळत नाही. पोलादी तारेच्या जागी सुतळी घेऊन तशी एखादी ताटली शाळेत बांधायला घेतली, ती एका बाजूला कलंडली, की मग कळायला लागते.

आता शिक्षक म्हणतील, वेळ कुठे आहे? निवडणुकीचं काम, सर्वेक्षणं, पोषण आहाराच्या नोंदी, रोज नवीन ऑनलाइन माहिती. तक्रार रास्त आहे आणि ती वरच्यांनीच सोडवायची आहे. प्रयोगशाळा सहायकाची जागा भरावी. दरवर्षी ठरावीक रकमेपर्यंतची फुटतूट मुख्याध्यापकांच्या एका सहीने, खुलाशाशिवाय, निर्लेखित व्हावी. जिथे वर्षभरात काहीच फुटलं नाही त्या शाळेला उलट विचारणा व्हावी. शनिवारच्या सकाळच्या शाळेत तीन तास सलग जोडले तर दोलकाचा तो दीड तास निघतो. बारावीच्या मुलांकडे दोन जर्नल असतात, एक रफ आणि एक फेअर. कव्हर घातलेलं, सुवाच्य अक्षरातलं फेअर जर्नल तपासून आपण सही करतो. १०.८ चं उत्तर, त्यावरची काट आणि शेजारी केलेलं दुसरं गणित असतं ते रफ जर्नलमध्ये, आणि ते मागून बघायला कुठल्याही शासन निर्णयाची वाट पाहावी लागत नाही.